कुत्र्याचा खर्च : आधी लस, मग पार्लर

पेण-रोह्याकडच्या घरांना कुत्रा नवा नाही. अंगणात, खळ्यावर, पेणच्या गणपती कारखान्यांच्या दारात तो कायम दिसतो. नवा आहे तो त्याच्यावर होणारा खर्च. राखणीच्या कुत्र्याला रात्रीचा उरलेला भात मिळायचा, अंघोळ पावसात व्हायची आणि घराच्या हिशेबात त्याचं नाव कधी यायचं नाही. आता बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर लॅब्रॅडॉर असतो, शिह त्झू असतो. संध्याकाळी त्याला पट्टा लावून फिरवायला नेलं की लोक थांबून विचारतात, कुठल्या जातीचा? केवढ्याला घेतला? रेबीजची लस कधी दिली, हे क्वचितच कोणी विचारतं. कापलेले केस चारचौघांना दिसतात, टोचलेली लस दिसत नाही, त्यामुळे पैसाही दिसण्याकडे आधी जातो. हा क्रम उलटा केला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पुढचे आकडे ढोबळ आहेत. कुत्र्याचं वजन, औषधाची कंपनी आणि डॉक्टर यांनुसार ते बदलतात, म्हणून आधी विचारून घ्या.

पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं झालं की पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्र लस सुरू होते. 3-4 आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन डोस लागतात. खासगीत एका डोसला 600 ते 1,000 रुपये धरा. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, 200 ते 400 रुपये, त्यानंतर बूस्टर आणि पुढे दरवर्षी. तपासणी फी धरून पहिल्या वर्षी 3 ते 5 हजार बाजूला ठेवावेत. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-बैलांबरोबर कुत्रेही तपासतात आणि फी नाममात्र असते. मात्र कुत्र्याची लस त्या दिवशी शिल्लक आहे का, हे आधी विचारून मगच जा.

एकत्र लस घेताना त्यात लेप्टो आहे का, हे आवर्जून विचारा. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर बांधावर, गटारात, अंगणात पाणीच पाणी असतं. हा आजार कुत्र्याकडून माणसालाही होतो. या लसीचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं, म्हणून वार्षिक डोस मे महिन्यात, पावसाआधी द्यावा.

आता गोचीड. दमट हवेत कुत्र्याचा जीव जातो तो बऱ्याचदा या दाण्याएवढ्या किड्यामुळे. पट्ट्याखाली, कानाच्या आतल्या घडीत, बोटांच्या बेचक्यात बोट फिरवून बघा. रक्त पिऊन फुगलेली गोचीड राखाडी, गुळगुळीत दिसते आणि तिच्या बाजूला बारीक तपकिरी नर असतो. नुसत्या हाताने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणपाण्यात टाका. रॉकेल किंवा शेतातलं फवारणीचं औषध अंगाला चोळण्याची पद्धत अजून आहे. त्याने कातडी भाजते, आणि चाटल्यावर विष पोटात जातं. मानेवर टाकायचं औषध महिन्याला 250 ते 600 रुपयांत मिळतं. तीन महिने चालणारी गोळी दीड ते अडीच हजारांपर्यंत जाते, पण तेवढे महिने निर्धास्त राहता येतं. कुत्रा खात नसेल, ताप असेल, हिरड्या पांढरट पडल्या असतील किंवा लघवी चहाच्या रंगाची होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोचीड ताप सुरुवातीला धरला तर औषधं काही हजारांत आटपतात. उशीर झाला तर रक्त चढवायची वेळ येते, आणि त्यासाठी पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते.

हे सगळं झाल्यावर पार्लर. पनवेल-नवी मुंबईत नुसती अंघोळ, ड्रायर आणि नखं यांचे 500 ते 1,000, केस कापण्यासकट 1,000 ते 2,500 रुपये पडतात. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस वाढतच राहतात आणि गुंता कातडी ओढतो, त्यामुळे त्यांना 6 ते 8 आठवड्यांनी कात्री लागतेच. फेरीला 1,500 धरले तरी वर्षाला 10-12 हजार झाले, वर गाडीभाडं वेगळं. पिल्लू घेण्यापूर्वीच हा हिशेब मांडा. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड किंवा गावठी कुत्र्याला यातलं काही लागत नाही. उन्हाळ्यात जर्मन शेफर्ड किंवा हस्कीला भादरून आणणाऱ्यांनी तर थांबावंच. त्यांचा दुहेरी कोट उन्हापासून कातडी राखतो. खरं तर हस्कीला कोकणाच्या उकाड्यात आणूच नये. एसीचं बिल तुम्ही भराल, पण वीज गेली की हाल त्या जिवाचे होतात.

घरच्या अंघोळीला 300 रुपयांची शाम्पूची बाटली, 200-300 चा ब्रश आणि तेवढ्याच किमतीचा नखं कापायचा कटर पुरतो. महिन्यातून एकदा कोमट पाणी घाला. आपला साबण किंवा जंतुनाशक घालू नका. अंग आणि कान कोरडे करायला विसरू नका, कारण पावसाळ्यात ओलसर कान हमखास चिघळतात.

नसबंदीला खासगीत 4 ते 10 हजार लागतात, मादीला जास्त. पाळीव जनावराचं लसीकरण, जंताचं औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, असं 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत लिहिलेलं आहे. मादीची पिल्लं गोणीत घालून हायवेला किंवा बाजारात सोडणं थांबवायचं असेल तर हा खर्च टाळून चालणार नाही.

खाण्याचं सोपं आहे. 20 किलोच्या कुत्र्याला घरचा भात, कोंबडी, अंडं धरून महिन्याला 2 ते 3 हजार, तयार खाणं दिलं तर त्याहून जास्त. कांदा, चॉकलेट, द्राक्षं, शिजवलेली हाडं नकोत. खारवलेली सुकी मासळी तर आपल्या घरात कायमची, तीही नको.

शेवटचा खर्च बहुतेक वहीत लिहिलाच जात नाही. डोंगराकडेला मुंबईकरांची फार्महाऊसं वाढलीत. मालक शनिवार-रविवार येतात, आठवडाभर कुत्रा सांभाळतो गावातला राखणदार किंवा त्याची बायको. बिल्डिंगमध्येही कुत्र्याला फिरवणं आणि त्याची घाण काढणं कामवाल्या ताईंकडे न सांगता येऊन पडतं. या कामाचे पैसे वेगळे ठरवा, आणि आधी विचारा, कुत्र्याची भीती वाटते का? नको म्हणायची मोकळीक द्या. लसीच्या कार्डाची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. कुत्रा चावला किंवा त्याचं नख ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. हळद, चुना लावायचा नाही आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. तिथे माणसांची रेबीजची लस मोफत असते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार नाही, म्हणून एकही डोस चुकवून चालत नाही. त्या डोसांसाठी जितके दिवस जावं लागेल तितक्या दिवसांची मजुरी आणि रिक्षाभाडं मालकाने द्यायचं, हे कुत्रा आणतानाच कबूल करा.