बाळाच्या चेहऱ्यावरचा डाग: कोणाला दाखवायचं आणि किती लवकर



या पानावर आपण जाळी, इंजिन, विमा, अनुदान यांची माहिती देतो. आज विषय बाळाचा आहे. जन्मतः किंवा जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळाच्या तोंडावर डाग दिसतो, आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं: "हे भाडभूतला गेलेत, पाल्याचा हंगाम संपला की दाखवू." बऱ्याच डागांना एवढं थांबलेलं चालतं. पण एक डाग असा आहे की त्याला दोन-तीन महिने थांबलेलं चालत नाही. तो कोणता, हे घरातल्या बाईमाणसाला आणि खलाश्यालाही ओळखता आलं पाहिजे, म्हणून हा पाठ.

त्याचं नाव हिमँजिओमा. रक्तवाहिन्यांची गाठच म्हणा. जन्माच्या दिवशी तो बहुतेक वेळा दिसतच नाही, किंवा फिका ठिपका, ओरखडा असं काहीतरी दिसतं. "मुंगी चावली असेल" म्हणून सोडून देतात. मग दोन-तीन आठवड्यांत तो लाल होतो, वर उचलला जातो, बोटाला मऊ लागतो. वाढीचा सगळ्यात जोर पाचव्या ते आठव्या आठवड्यात असतो, आणि तीन महिन्यांपर्यंत तो बहुतेक वाढून झालेला असतो. म्हणजे बाप हंगाम संपवून घरी येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आता शेजारीण म्हणेल, "माझ्या भाच्याला होता, आपोआप गेला." ती खोटं बोलत नाही. वर्षभरानंतर हा डाग हळूहळू ओसरायला लागतो आणि शाळेत जायच्या वयापर्यंत बराचसा उतरतो. पाठीवर, दंडावर छोटा असेल तर डॉक्टरसुद्धा नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. चेहऱ्याची गोष्ट वेगळी आहे. पापणीवर असेल तर डोळा झाकला जातो, आणि त्या वयात डोळा झाकलेला राहिला तर नजर कायमची कमजोर राहू शकते. नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठावर असेल तर जखम होते, आकार बिघडतो, आणि डाग ओसरल्यावरही सैल चामडी किंवा वण मागे राहतो. हनुवटी-जबड्यावर, म्हणजे दाढीच्या जागी पसरलेला असेल तर कधी कधी आत श्वासनळीतही तसाच असतो. अशा बाळाचा श्वास घरघरत असेल तर उद्यावर टाकू नका, 108 बोलवा. अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेला मोठा डाग असेल तर डॉक्टर डोकं आणि हृदयही तपासतात.

म्हणून बालरोगतज्ज्ञांचा नियम असा आहे की चेहऱ्यावरचा असा डाग बाळ महिन्याचं व्हायच्या आत तज्ज्ञाने बघावा. आशाबेन नवजात बाळाला बघायला 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिला डाग दाखवा, ममता कार्डावर लिहून घ्या. 28वा दिवस ही शेवटची हद्द धरा.

यावरचं औषध कसं सापडलं ते सांगण्यासारखं आहे. प्रोप्रानोलॉल ही हृदयाची आणि बीपीची जुनी गोळी. ती शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 साली नोबेल मिळालं. फ्रान्सच्या बोर्डो शहरात नाकावर हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला स्टिरॉइड चालू होतं, त्यातून हृदयाचा त्रास झाला, म्हणून ही गोळी दिली. दुसऱ्याच दिवशी डागाचा रंग बदलला, तो मऊ पडला. तिथल्या डॉक्टरांनी 2008 साली हे छापलं आणि जगभर उपचारच बदलले. आज तोंडातून देण्याचं हेच पहिलं औषध आहे. लहान, पातळ डागाला कधी टिमोलॉलचे थेंब वरून लावायला देतात.

इथे एक गोष्ट अगदी बजावून सांगतो. आजोबांच्या बीपीच्या डब्यात हीच गोळी असू शकते. तिचा तुकडा करून बाळाला देऊ नका. हे औषध वजनावर मोजून, हृदय तपासून सुरू करतात. ते दुधाबरोबरच द्यायचं असतं. बाळ दूध पीत नसेल किंवा उलट्या होत असतील तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, कारण रक्तातली साखर खाली जाते. औषध सहसा सहा महिने किंवा जास्त चालतं, मध्येच आपल्या मनाने बंद करायचं नसतं.

दुसरा महत्त्वाचा डाग म्हणजे पोर्ट वाइन स्टेन. हा जन्मतःच असतो, सपाट, गुलाबी किंवा जांभळट, आणि बाळ वाढेल तसा वाढतो. हा आपोआप जात नाही. कपाळावर आणि वरच्या पापणीवर असेल तर डोळ्यातला दाब वाढणं आणि फिट येणं यांची शक्यता असते, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ दोघांनाही दाखवावं लागतं. डागाला पल्स्ड डाय लेझर करतात. बऱ्याच बैठका लागतात, आणि साफ पुसला जाईलच असं नाही, फिका होतो. आपल्या सावळ्या चामडीवर लेझरने काळे-पांढरे चट्टे उठू शकतात, म्हणून "असं लहान मूल आणि असा रंग, किती जणांना केलंय?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

बाकीचे पटकन. कपाळाच्या मधोमध किंवा पापणीवर फिकट गुलाबी ठसा, रडलं की गडद होणारा, तो वर्ष-दोन वर्षांत जातो. कमरेवरचा निळसर डाग आपल्याकडे फार बाळांना असतो, काही करायचं नाही. पण डोळ्याभोवती निळा-करडा डाग असेल तर तो ओटाचा नीव्हस असू शकतो, तो जात नाही आणि डोळ्याची तपासणी लागते. कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग अंगावर दिसले तरी दाखवा.

आता वडोदऱ्यात कुठे जायचं? पहिलं ठिकाण सयाजी हॉस्पिटल, म्हणजे एसएसजी. तिथे चामडीचा, मुलांचा आणि डोळ्यांचा असे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत आणि अशा डागाला तिघांचीही गरज पडते. गोत्रीचं जीएमईआरएस आणि वाघोडिया तालुक्यात पिपरियाचं धीरज हॉस्पिटल ही दोन्हीही मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आहेत. केसपेपर काढताना "महिन्याचं बाळ आहे, तोंडावरचा डाग वाढतोय" एवढं सांगा, नुसतं "चामडीचं दाखवायचंय" म्हणू नका. लेझर लागणार असेल तर मशीन कोणतं आणि ते आयुष्मान कार्डात बसतं का, हे आधी विचारून घ्या. हंगामात निघणंच शक्य नसेल तर ई-संजीवनीवर मोबाइलवरून सरकारी डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो. पण तो फक्त चाक फिरवायला, प्रत्यक्ष तपासणी टाळायला नाही.

खाजगीत जाणार असाल तर पाटी नीट वाचा. त्वचेत एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा असलेला डॉक्टर हवा. "स्किन अँड लेझर" आणि "कॉस्मेटोलॉजी" एवढंच लिहिलेलं असेल तर तो त्वचारोगतज्ज्ञ असेलच असं नाही. कौन्सिलचा नोंदणी नंबर दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असणं बंधनकारक आहे. त्वचातज्ज्ञांची देशभराची संघटना आहे, आयएडीव्हीएल, तिच्या वेबसाइटवर गावाप्रमाणे डॉक्टर शोधता येतात.

मेडिकलवाल्याकडून आणलेली गोरं करायची ट्यूब बाळाच्या तोंडाला लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं आणि चामडी पातळ होते. चुना नको, बिब्बा नको. आणि डाम देणं तर अजिबात नको. बुवाच्या तापलेल्या सळईने डाग जात नाही, वर भाजल्याची जखम आणि जंतू येतात, बाळ जिवावर बेततं.

ग्रहणाचंही बोलू. सूनबाईने ग्रहणात विळी धरली म्हणून डाग आला, असं अजून बोललं जातं आणि ती बिचारी गप्प ऐकते. पोर्ट वाइन डागाचं कारण 2013 साली सापडलं: पोटात असताना बाळाच्या एका पेशीत जीएनएक्यू नावाच्या जनुकात आपोआप बदल होतो. आईच्या खाण्याशी, विळीशी, सूर्याशी त्याचा संबंध नाही. हिमँजिओमाही आईच्या चुकीने होत नाही. सासूबाईंनी हा परिच्छेद दोनदा वाचावा ही विनंती.

जाण्याआधी एक काम घरी करा. डाग पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख लिहा. दर चार दिवसांनी खिडकीच्या उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. वाढ किती झाली हे डॉक्टरला त्या फोटोंवरून लगेच समजतं. बोटीवर असलेल्या बापालाही तेच फोटो पाठवा, म्हणजे थांबायचं की निघायचं यावर फोनवर वाद होणार नाही. पिशवीत ममता कार्ड, डिस्चार्जचा कागद, बाळाचं शेवटचं वजन आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवा. आयुष्मान कार्डात बाळाचं नाव चढवायचं राहिलं असेल तर रेशनकार्ड आणि जन्माचा दाखला घेऊन ऑफिसात या, फॉर्म आम्ही भरून देऊ.

आपला,
सेक्रेटरी