तोंडाच्या कर्करोगावर ब्रॅकीथेरपी

तोंडातली कर्करोगाची गाठ लहान असताना किरणोत्सर्गी स्रोत थेट त्या गाठीत नेऊन तिचा नाश करण्याच्या उपचाराला ब्रॅकीथेरपी म्हणतात. रुग्ण ज्याला ‘लाइट घेणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात, ते किरण बाहेरच्या यंत्रातून येतात आणि कातडी, लाळग्रंथी, जबडा यांतून वाट काढत गाठीपर्यंत पोचतात. ब्रॅकीथेरपीत किरणांचा उगमच गाठीत असतो. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की किरणांची तीव्रता जवळपास एक चतुर्थांश होते. त्यामुळे गाठीला भरपूर मात्रा मिळते, लाळग्रंथी बऱ्याच वाचतात आणि तोंड कायमचे कोरडे पडण्याचा त्रास कमी होतो.

ओठ, जिभेची कड, जिभेखालचा भाग आणि गालाचे आतले अस्तर या जागी हा उपचार करता येतो. गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावी, मानेत गाठी नसाव्यात आणि हाडापासून अंतर असावे. ही शेवटची अट महाराष्ट्रात अनेकांना अपात्र ठरवते. तंबाखू, गुटखा, मावा गाल आणि हिरडी यांच्या खोबणीत धरून ठेवला जातो. कर्करोगही तिथेच, जबड्याला लागून उगवतो. सुपारीने तोंड उघडेनासे झाले असेल तर नळ्या घालणेही अवघड होते. अशा रुग्णांसाठी शस्त्रक्रियाच योग्य. सुरुवातीच्या टप्प्यातील बहुतेक रुग्णांसाठीही पहिली पसंती शस्त्रक्रियेलाच असते. मात्र ओठाचा आकार किंवा जिभेची हालचाल टिकवायची असेल, अथवा रुग्णाची प्रकृती मोठी शस्त्रक्रिया पेलणारी नसेल, तर ब्रॅकीथेरपीचा विचार जरूर व्हावा.

उपचाराआधी दातांची तपासणी होते. वाचवता न येणारे दात काढून जखम भरू दिली जाते. मग भूल देऊन पोकळ सुयांच्या साहाय्याने गाठीतून बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या ओवतात. सीटी स्कॅनवरून कोणत्या बिंदूला किती मात्रा द्यायची हे ठरते. इरिडियम-१९२ चा काही मिलिमीटरचा स्रोत तारेच्या टोकाला बसवलेला असतो. यंत्र तो एकेका नळीत सरकवते, ठरल्या जागी काही सेकंद थांबवते आणि परत ओढून घेते. एक फेरी काही मिनिटांत उरकते. दिवसातून बहुधा दोन फेऱ्या, मध्ये किमान ६ तासांचे अंतर, असे काही दिवस चालते. तेवढे दिवस नळ्या तोंडात राहतात आणि गरजेनुसार नाकातल्या नळीतून अन्न दिले जाते. रुग्णाजवळ गेल्यास आपल्यालाही किरण लागतील, अशी भीती नातेवाइकांना वाटते. या पद्धतीत ती निराधार आहे. स्रोत यंत्रात परतला की रुग्णाच्या अंगात किरणोत्सर्ग उरत नाही. लहान मुलालाही त्याच्या कुशीत बसता येते.

खरा त्रास नळ्या काढल्यावर सुरू होतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत तोंड सोलवटते आणि तिखट, गरम काही सोसत नाही. हे काही आठवड्यांत भरून येते. क्वचित महिन्यांनंतर न भरणारी जखम होते किंवा जबड्याचे हाड मरते. म्हणून उपचाराच्या वेळी जीभ आणि जबडा यांच्यामध्ये शिशाचा पातळ अडसर ठेवतात. पुढे आयुष्यात कधीही दात काढायचा झाला, तर या उपचाराची माहिती दंतवैद्याला आधी द्यावी.

ब्रॅकीथेरपी मानेपर्यंत पोचत नाही, आणि चर्चेत नेमके हेच निसटते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तोंडातली छोटी गाठ काढतानाच मानेच्या लसिकाग्रंथी काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठी दिसल्यावर मानेची शस्त्रक्रिया करायची असे ठरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे होते. पण मानेतला छुपा प्रसार तोंडावरच्या उपचाराची पद्धत पाहून थांबत नाही. त्यामुळे ब्रॅकीथेरपी ठरवताना मानेचे काय करणार, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

उपचारानंतर तंबाखू आणि सुपारी पूर्ण बंद हवी, कारण उरलेल्या अस्तरात नवा कर्करोग उगवू शकतो. पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी लागते. गाठ त्याच जागी परतली आणि वेळेवर सापडली, तर अनेकदा शस्त्रक्रियेने ती काढता येते.