जुन्या नकाशांतील बेटे

तुमच्या वर्गात जगाचा नकाशा टांगलेला असेल. 'नकाशा' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतला 'नक्शा' मराठीत आला आणि 'नकाशा' झाला. बेटाला तुम्ही उर्दूत 'जजीरा' म्हणता. कोकणात मुरूडजवळ समुद्रात एक प्रसिद्ध किल्ला आहे. त्याचे नाव 'जंजिरा'. तो शब्दही तोच. शब्द असे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात आणि जाताना त्यांचा उच्चार थोडा बदलतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता भिंतीवरच्या नकाशाकडे पाहा. एका बाजूला आशिया आणि ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या बाजूला अमेरिका आणि मध्ये केवढा तरी निळा रंग. हा पॅसिफिक महासागर. मराठीत त्याला प्रशांत महासागर म्हणतात, उर्दूत बहरुल काहिल. पृथ्वीवरची सगळी जमीन एकत्र केली, तरी ती या महासागरापेक्षा कमीच भरेल. या निळ्या रंगात हजारो बेटे ठिपक्यांसारखी पसरलेली आहेत. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी जमवतो. काही लोक या बेटांचे तीनशे-चारशे वर्षांपूर्वी छापलेले नकाशे जमवतात. गंमत अशी, की त्या नकाशांत चुका भरपूर असतात. परीक्षेत तुम्ही तसा नकाशा काढलात, तर गुरुजी शून्य गुण देतील! मग अशा नकाशासाठी लोक पैसे का मोजतात?

समजा, असा एक नकाशा तुमच्या हातात आला. तो खरोखर जुना आहे, की अलीकडे छापलेली नक्कल आहे, हे कसे ओळखाल? प्रथम कागद उजेडासमोर धरा. पूर्वी कागद चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने बनवत. लगदा तारांच्या जाळीवर पसरत. त्या तारांच्या रेघा कागदात कायम राहत आणि उजेडात त्या दिसतात. नंतर नकाशाच्या कडेवरून बोट फिरवा. जुने नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. यंत्रात पत्रा कागदावर जोराने दाबला जाई, म्हणून चारही बाजूंनी त्याच्या कडेचा खोलगट ठसा उमटे. शेवटी भिंगातून रंग पाहा. रंग बारीक बारीक ठिपक्यांचा बनलेला असेल, तर ती आजच्या छपाईयंत्राची करामत समजा. जुन्या नकाशांत रंग हाताने, कुंचल्याने भरत. त्यांतला एक हिरवा रंग तांब्यापासून बनवत. तो फार वाईट! कित्येक वर्षे कागदात राहून तो कागदालाच खातो. हिरव्या भागाच्या मागे कागद तपकिरी झालेला दिसला, तर जाणकार माणूस नाराज होत नाही. वयाची ती एक खूण असते.

पॅसिफिकच्या जुन्या नकाशांत एक नकाशा फार प्रसिद्ध आहे. बेल्जियममधील अँटवर्प शहरात अब्राहम ऑर्टेलियस नावाचा नकाशाकार राहत होता. त्याने १५७० साली नकाशांचे मोठे पुस्तक छापले. आपण आज ज्याला अ‍ॅटलास म्हणतो, तसे ते पहिले पुस्तक मानले जाते. पुढे १५८९ साली त्याने फक्त पॅसिफिक महासागराचा नकाशा तयार केला. या महासागरासाठी वेगळा छापलेला हा पहिलाच नकाशा. त्यात एक ऐटदार जहाज आहे. हे मॅगेलनचे 'व्हिक्टोरिया' जहाज. खाली दक्षिणेला एक प्रचंड भूखंड काढलेला आहे. त्यावर लॅटिन भाषेत जे लिहिले आहे त्याचा अर्थ होतो, 'अजून न सापडलेली दक्षिण भूमी'. पाहा बरे! जमीन सापडलेली नाही आणि तिचा किनारा मात्र काढून मोकळे! पुढे जेम्स कुकने १७७२ ते १७७५ या काळात दक्षिणेचे समुद्र पालथे घातले. तेव्हा असा प्रचंड भूखंड तेथे नाही, हे सिद्ध झाले.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. डच खलाशी आबेल तास्मान १६४२ साली न्यूझीलंडला पोहोचला. त्याने फक्त पश्चिमेचा किनारा पाहिला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे नकाशांत न्यूझीलंड म्हणजे एक अर्धवट वाकडी रेघ होती. पूर्वेची बाजू कोरी. माहीत नव्हते म्हणून काढले नाही. मला विचाराल, तर ऑर्टेलियसच्या सुंदर भूखंडापेक्षा ही अर्धवट रेघ मला जास्त आवडते.

पण सर्वांत मजेदार हकिकत सॉलोमन बेटांची आहे. सॉलोमन म्हणजे हजरत सुलेमान. १५६७ साली मेंदान्या नावाचा स्पॅनिश सरदार दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून निघाला आणि १५६८ साली या बेटांवर पोहोचला. सुलेमान बादशहाचे सोने इथलेच असावे, अशी लोकांची समजूत झाली आणि बेटांना त्यांचे नाव मिळाले. सोन्याचे ढीग काही मिळाले नाहीत. मेंदान्या परत गेला. सत्तावीस वर्षांनी, १५९५ साली, तो जहाजे व माणसे घेऊन पुन्हा त्याच बेटांकडे निघाला. आणि त्याला ती सापडलीच नाहीत! स्वतः शोधलेली बेटे तो शोधत राहिला. शेवटी सांताक्रूझ नावाच्या दुसऱ्या एका बेटावर तो उतरला आणि तेथेच आजारी पडून मरण पावला. आज सांताक्रूझ हा सॉलोमन आयलंड्स याच देशाचा भाग आहे. म्हणजे तो अगदी दाराशी येऊन पोहोचला होता.

असे का झाले? तुम्ही भूगोलात अक्षांश आणि रेखांश शिकला आहात. आपण विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहोत, हे सूर्य किंवा तारे पाहून काढता येते. पण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहोत, हे काढणे कठीण असते. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. तेव्हा घरच्या बंदरात आता किती वाजले, हे नक्की कळले, तर रेखांश कळतो. पण हेलकावे खाणाऱ्या जहाजात बरोबर चालेल असे घड्याळ त्या काळी नव्हते. घड्याळ ४ मिनिटे चुकले, तर विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटरची चूक होते. मेंदान्याजवळ तर असे घड्याळच नव्हते. 'आज जहाज इतके चालले असेल,' असा अंदाज करायचा, एवढेच हाती होते. तो अंदाज फार चुकला. त्यामुळे पुढे सुमारे दोनशे वर्षे सॉलोमन बेटे नकाशांतून भटकत राहिली. कोणी ती पूर्वेला काढली, कोणी पश्चिमेला. युरोपातले खलाशी १७६७ नंतर तेथे पुन्हा पोहोचले, तेव्हा ही तीच जुनी बेटे आहेत हे त्यांना प्रथम ओळखतासुद्धा आले नाही. काही संग्राहक या बेटांचे नकाशे सालाच्या क्रमाने लावून ठेवतात. पाने उलटताना बेटे पाण्यावर तरंगत चालल्यासारखी दिसतात.

जागेची चूक झाली, तर ती पुढे कोणीतरी दुरुस्त करतो. नावाची चूक मात्र लवकर जात नाही. मॅगेलनने १५२१ साली हा महासागर ओलांडला. तीन महिन्यांहून अधिक काळ त्याच्या माणसांना ताजे अन्न मिळाले नव्हते. मार्च महिन्यात ते ग्वाम बेटाजवळ आले. तेथील चामोरो लोक होड्या घेऊन जहाजावर चढले. त्यांनी काही वस्तू नेल्या आणि जहाजाची एक लहान होडीही नेली. चामोरो लोकांच्या मनात काय होते, ते कोणी विचारले नाही. मॅगेलन शस्त्रे घेऊन किनाऱ्यावर उतरला. त्याच्या लोकांनी चाळीस-पन्नास घरे जाळली आणि सात माणसे मारली. मग त्याने आपली होडी परत नेली. आणि नाव कोणाला ठेवले? बेटांना! 'इस्लास दे लोस लाद्रोनेस', म्हणजे 'चोरांची बेटे'. १६६८ साली स्पेनच्या राणीच्या नावावरून या बेटांना 'मारियाना' हे नाव दिले गेले. तरी कितीतरी नकाशाकार जुनेच नाव छापत राहिले. एकाने छापले, म्हणून दुसऱ्याने छापले. दोनशे वर्षांहून अधिक काळ एका होडीवरून साऱ्या लोकांना चोर म्हटले गेले, आणि ती माणसे तो नकाशा वाचूही शकत नव्हती.

सगळीच नावे अशी दुष्टपणाने पडली नाहीत. काही नुसती ऐकण्यात चुकली. जुन्या नकाशांत ताहिती बेटाचे नाव 'ओटाहिटे' असे असते. खलाशांनी विचारले, "हे कोणते बेट?" लोकांनी उत्तर दिले, "ओ ताहिती." त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'हे ताहिती आहे'. खलाशांनी सगळेच नाव समजून लिहून घेतले. हवाई बेटाचेही तसेच झाले. कुकच्या नकाशात ते 'ओव्हायही' आहे. उद्या कोणी तुम्हांला गावाचे नाव विचारले आणि तुम्ही "हे मालेगाव" म्हणालात, तर 'हेमालेगाव' लिहिण्यासारखेच हे झाले.

आता तुम्ही विचाराल, त्या बेटांवरच्या लोकांना भूगोल येत नव्हता काय? येत होता, आणि फार चांगला येत होता. १७६९ साली ताहितीमध्ये कुकच्या जहाजावर तुपाया नावाचा एक माणूस चढला. तो रायातेआ बेटाचा राहणारा होता. तो धर्मगुरू होता आणि निष्णात नावाडी होता. त्याच्याजवळ होकायंत्र नव्हते, कागद नव्हता. तारे, वारा, लाटा आणि पाठांतर यांच्या बळावर त्याला दूरदूरची बेटे माहीत होती. कुकच्या लोकांसाठी त्याने एक नकाशा तयार केला. त्यात ७४ बेटे होती. युरोपीय विद्वानांनी तो पाहिला आणि त्यांना वाटले, यात बेटे भलत्याच जागी आहेत. फार वर्षे तसेच समजले गेले. अलीकडे जर्मनीतील दोन अभ्यासकांनी निराळा विचार मांडला. त्यांच्या मते, नकाशाच्या मधोमध लिहिलेला शब्द दुपारच्या सूर्याची दिशा दाखवतो. तुपायाने एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे कोणत्या दिशेने निघायचे, ते दाखवले होते. सगळी बेटे आकाशातून पाहिल्यासारखी त्याने काढली नव्हती. म्हणजे नकाशा चुकीचा नव्हता. वाचणाऱ्यांना तो वाचता येत नव्हता. सगळे अभ्यासक हे मत मानत नाहीत. मला स्वतःला ते पटते. तुपाया १७७० साली बटाव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता शहरात, आजारी पडून वारला. त्याचा मूळ नकाशा हरवला आहे. त्याच्या नकला तेवढ्या उरल्या आहेत. त्यांतली कुकच्या हातची एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

मार्शल बेटांवरचे नकाशे तर कागदाचे नसतातच. नारळाच्या झावळीच्या काड्या दोऱ्यांनी बांधून ते बनवतात. शिंपले म्हणजे बेटे आणि वाकवलेल्या काड्या म्हणजे समुद्राच्या लाटा. बेटाला आपटून लाट कशी वळते, हे त्यात दिसते. नावाडी हा नकाशा होडीत नेत नसे. किनाऱ्यावर बसून तो पाठ करायचा आणि मग निघायचे.

नकाशे जमवण्याची एक वाईट बाजूही आहे. जुने अ‍ॅटलास सबंध विकण्यापेक्षा त्यातले नकाशे सुटे करून विकले, तर पुष्कळदा जास्त पैसे मिळतात. म्हणून काही विक्रेते चारशे वर्षे एकत्र राहिलेली पाने कापतात. चोरही मागे नाहीत. २००५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका कर्मचारी बाईंना जमिनीवर एक लहान पाते पडलेले दिसले. तेथे बसलेला एक नकाशांचा व्यापारी पकडला गेला. त्याने वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचे कबूल केले. 'चोरांची बेटे' छापणाऱ्या नकाशांना असे खरे चोर मिळाले!

नकाशे जमवायला पैसे हवेतच असे नाही. मोठ्या ग्रंथालयांनी आपल्या नकाशांची छायाचित्रे संगणकावर खुली केली आहेत. अमेरिकेतील डेव्हिड रम्से यांनी जमवलेले हजारो जुने नकाशे कोणालाही फुकट पाहता येतात. तुम्ही एकच बेट निवडा. ताहिती घ्या किंवा ग्वाम घ्या. वेगवेगळ्या सालांच्या चार-पाच नकाशांतून ते शोधा. पातळ कागदावर त्याचा आकार गिरवा, शेजारी साल लिहा आणि त्या नकाशात त्याचे नाव कसे लिहिले आहे, तेही लिहा. मग आजच्या अ‍ॅटलासमध्ये तेच बेट काढून समोर ठेवा.

स्वाध्याय

१. जुना नकाशा खरा आहे की नक्कल, हे कसे ओळखतात?
२. मेंदान्याला १५९५ साली सॉलोमन बेटे का सापडली नाहीत?
३. 'लाद्रोनेस' हे नाव योग्य होते असे तुम्हांला वाटते का? कारण सांगा.
४. तुमच्या गावातील एखाद्या जागेचे नाव बाहेरचे लोक चुकीचे उच्चारतात का? त्याविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा.
५. उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत असलेले दहा शब्द शोधा व त्यांचे उच्चार कसे बदलले ते वर्गात सांगा.