पडद्याची खिडकी बदलता येईल?

प्रश्न : जुन्या जीपचे ताडपत्रीचे पडदे धड आहेत, पण त्यांतलं पारदर्शक प्लास्टिक पिवळं पडून तडकलंय. नुसती खिडकी बदलता येईल का?

उत्तर : येईल, पण नवं प्लास्टिक थेट पडद्याला शिवू नका. उन्हाने पीव्हीसी कडक होतं आणि मग सुईच्या भोकांच्या रांगेतच फाटतं. खिडकी भोकापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठी कापा, कोपरे गोल ठेवा. कडेला रेक्झिनची पट्टी शिवून ती पट्टीच पडद्याला वेल्क्रोने जोडा. धागा पॉलिएस्टरचाच हवा. सुती धागा पावसात कुजतो.

खरी मेख पाण्याची आहे. वरची कड आणि दोन्ही बाजू पडद्याच्या आतून बसवा, खालची कड मात्र बाहेर काढा. कौलांसारखं वरचं खालच्यावर आलं, की पाणी बाहेरच ओघळतं. बहुतेक कारागीर चारही कडा आत घेतात आणि पाणी थेट मांडीवर येतं! वेगाने गाडी चालवत असाल, तर खालच्या कोपऱ्यांना एकेक टिचबटणही लावा; नुसता वेल्क्रो वाऱ्याने सुटतो. झिप मी सुचवणार नाही, चिखलाने ती अडकते.

पुसायला साबणाचं पाणी वापरा. थिनर किंवा पेट्रोल लावलंत, तर खिडकी धुरकट झालीच म्हणून समजा.