माकडं, पाट्या आणि इंग्रजीचं व्याकरण

लोणावळा-खंडाळा भागात पदवीच्या मुलांना इंग्रजीचं वर्णनात्मक व्याकरण शिकवता शिकवता जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे. मुलं मावळातली. कुणी कामशेत-मळवलीहून लोकलने येणारी, कुणी खंडाळ्यातलीच. कुणाचे वडील बंगल्यावर माळी, कुणाची आई चिक्कीच्या कारखान्यात. बहुतेक मराठी माध्यमातली आणि ग्रामर म्हटलं की धसका घेणारी. नव्याने हा पेपर हाती आलेल्यांना यातलं काही उपयोगी पडावं.

१. पहिल्या तासाला पुस्तक नको, पाट्या हव्यात.
जुन्या महामार्गाने खंडाळ्यापासून लोणावळा बाजारापर्यंत चालत या आणि दिसेल ती इंग्रजी पाटी जशीच्या तशी वहीत उतरवा, असं मी सांगते. दुरुस्त करायची नाही, हे बजावावंच लागतं. हात शिवशिवतात मुलांचे. मग वहीत येतं: ‘वुई हॅव नो ब्रँच’, ‘बंगलो अव्हेलेबल ऑन रेंट’, ‘नो पार्किंग इन फ्रंट ऑफ गेट’. लगेच कुणीतरी म्हणतं, “मॅडम, गेटच्या आधी ‘द’ राहिलं.” अशा वेळी इंग्रजी वर्तमानपत्राचे मथळे पुढे ठेवावेत. तिथेही ‘द’ नसतं, आणि ते लिहिणाऱ्यांना इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणत नाही. पाटीची आणि मथळ्याची भाषा आर्टिकल गाळते. ती तिची रीत आहे.

एकदा ही नजर आली की मुलं स्वतःच प्रश्न काढतात. बंगल्याच्या फाटकावर ‘ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड’ असं लिहिलेलं असतं. खटला भरणार कोण? मालक तर मुंबईत. करणारा गाळायचा आणि धमकी तेवढी शिल्लक ठेवायची, हा पॅसिव्हचा खरा धंदा ‘राम आंबा खातो’ उलटवून कधीच कळत नाही.

२. मुलांच्या धेडगुजरी भाषेला हसू नका, ती फळ्यावर लिहा.
राजमाची पॉइंटवरच्या माकडांचा पराक्रम एका मुलीने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता: ‘द माकड्स वेअर खेचिंग हर पर्स.’ मी तेच वाक्य फळ्यावर घेतलं. यातलं इंग्रजी काय आणि मराठी काय? अर्थाचे मोठे शब्द पाहिले तर माकड आणि खेच, दोन्ही आपले. तरी वाक्य मराठी आहे असं वर्गात कुणालाच वाटेना. कारण ‘द’, ‘स’, ‘वेअर’, ‘इंग’, ‘हर’ ही सगळी बारकी मंडळी इंग्रजी, आणि क्रमही इंग्रजी. ‘खेच’ हे क्रियापद आहे हे ‘इंग’वरून कळतं, ‘माकड’ नाम आहे हे आधीच्या ‘द’वरून आणि मागच्या ‘स’वरून. मग उलटं वाक्य घेतलं: ‘माकडांनी तिची पर्स स्नॅच केली.’ शब्द उसने, पण व्याकरण शंभर टक्के मावळातलं. नाम-क्रियापदांच्या गटात नवे शब्द रोज भरती होतात. ‘द’, ‘ऑफ’, ‘वेअर’ यांच्या गटात सहसा कुणाला प्रवेश नाही. शब्दवर्ग खुले आणि बंद असतात, यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

३. व्याख्या कमी, कसोट्या जास्त.
‘कर्ता म्हणजे क्रिया करणारा’ ही व्याख्या दहावीपर्यंत चालते. एक्सप्रेसवेवरचा अमृतांजन पूल २०२० साली पाडला. ‘द ओल्ड ब्रिज ऑन द एक्सप्रेसवे वॉज डिमॉलिश्ड.’ पुलाने काय केलं? काहीच नाही, तरी सब्जेक्ट तोच. मग ओळखायचा कसा? वाक्याचा प्रश्न करून बघा. ‘वॉज’ उचलून पुढे जातं, आणि ज्या सहा शब्दांवरून उडी मारून जातं तेवढा सब्जेक्ट. त्या सगळ्यांच्या जागी एकच ‘इट’ बसतं, ही दुसरी कसोटी. मुलाने एकदा ही उडी स्वतः मारून पाहिली की ‘फ्रेज’ म्हणजे काय हे पुन्हा सांगावं लागत नाही.

४. मराठी वर्गाबाहेर ठेवू नका.
इंग्रजीच्या तासाला मराठी नको, हा आग्रह बोलण्याच्या सरावाला ठीक. व्याकरणात तो आडवा येतो. ‘माकडाने पर्स पळवली’, ‘माकडाने मोबाइल पळवला’. क्रियापद इथे पर्स-मोबाइलच्या तालावर नाचतं, माकडाला विचारत नाही. इंग्रजीत त्याचा मेळ कायम सब्जेक्टशी. कर्तरी-कर्मणी-भावे घोकून आलेल्या मुलांना इथे पहिल्यांदा कळतं की आपण पाठ केलं ते एका भाषेचं निरीक्षण होतं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. ग्रंथालयात असेल तर वर्गात आणून मुलांना चाळू द्यावं.

पतंजलीचा दाखलाही मी देते. घागर हवी असली की माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या दारात कुणी जात नाही, असं महाभाष्यात आहे. लोक आधी बोलतात, वैयाकरण मागून येतो. वर्णनात्मक दृष्टी पश्चिमेकडून आयात झाली, असं मानणाऱ्यांसाठी इतकं पुरे.

५. ‘मग काहीही चालतं का?’ हा प्रश्न येणारच, टाळू नका.
खंडाळ्याच्या हॉटेलात मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ हे भारतीय इंग्रजीत आढळतं, एवढं सांगून भागत नाही. कुठे ऐकू येतं, कुणाचे कान टवकारतात, मुलाखतीत काय म्हणावं, हे सगळं वर्णनातच येतं. ‘ब्रदर्स टू हॅव आय’ मात्र रोजच्या बोलण्यात कुणीच म्हणत नाही. या दोन वाक्यांना एकाच लाल रेघेने मारणं हा आळस आहे. आणि काही नियम निव्वळ आवडीनिवडीचे असतात. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येण्याला ड्रायडनने १६७२ मध्ये नाक मुरडलं. तेव्हापासून शिक्षक ते खोडताहेत आणि इंग्रज खुशाल तसं बोलताहेत.

६. कोल्हापूरचं नाव जरूर घ्या.
भारतीय इंग्रजी म्हणजे नक्की काय, यावर चहाच्या टपरीवर वाटेल ते बोलता येतं. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि सहकाऱ्यांनी ते मोजायला घेतलं. १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजी मजकुराचे ५०० नमुने, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, म्हणजे दहा लाख शब्द, संगणकावर चढवले. अमेरिकन आणि ब्रिटिश इंग्रजीचे १९६१ च्या मजकुरावरचे संग्रह आधी तयार होते, त्यांच्याशी तुलना व्हावी अशी याची रचना. भाषाविज्ञानात ‘कोल्हापूर कॉर्पस’ हे नाव जगभर माहीत आहे, आपल्या मुलांना नाही. ‘आपण भारतीय नेहमी असंच म्हणतो’ असं कुणी ठोकून दिलं की वर्गच विचारतो, “मोजलंस का?”

७. पुस्तकं दोनच.
मुलांसाठी लीच आणि सहलेखकांचं १९८२ चं ‘इंग्लिश ग्रामर फॉर टुडे’. शिक्षकासाठी क्वर्क आणि सहकाऱ्यांचा १९८५ चा जाडजूड ग्रंथ, अडलं की उघडायला.

८. परीक्षेपुढे हे सगळं लंगडं पडतं.
गाइडमधली वाक्यं तीच, त्यांच्या वृक्षाकृती त्याच. मुलं त्या रांगोळीसारख्या पाठ करतात आणि मार्क मिळवतात. वाक्यातला एक शब्द बदला, हात थांबतो. पेपर काढणाऱ्या सहकाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे: निदान एक प्रश्न न पाहिलेल्या वाक्यावर घाला. रस्त्यावरची एखादी पाटी उचला, तिचं विश्लेषण मागा, आणि उत्तर असंच का, हे दोन ओळींत लिहायला लावा. त्या दोन ओळींना निम्मे मार्क ठेवा.