खडतर वाटेवरून परतलेले वाहन : यंत्राची झीज आणि मातीबरोबर येणारे धोके

कीड-रोग सर्वेक्षण, पीक प्रात्यक्षिके, माती-नमुन्यांचे संकलन, निविष्ठांची वाहतूक अशा कामांसाठी विस्तार कार्यकर्त्याच्या वाहनाला आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला वर्षभर पाणंद, ओढे, मुरमाड चढ आणि चिखलाची गाडीवाट पार करावी लागते. अशा वाटेवरून वाहन परतले की वाकलेला बंपर, फुटलेला दिवा किंवा कापलेला टायर चटकन नजरेस पडतो व त्याची दुरुस्तीही होते. अधिक खर्चाचे नुकसान मात्र त्या दिवशी दिसत नाही. चाकाच्या बेअरिंगमध्ये शिरलेले पाणी, ब्रेकच्या ड्रममध्ये अडकलेली वाळू आणि गिअर ऑइलमध्ये मिसळलेला ओलावा वाहन उभे असतानाही आपले काम करीत राहतात. याच वाहनाच्या टायरच्या खाचांत बसलेली माती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतात उतरते आणि तिच्याबरोबर सूत्रकृमी, मर रोगाची बुरशी व तणांचे बी तेथे पोहोचते. यंत्राची झीज आणि किडी-रोगांचा प्रसार हे दोन स्वतंत्र विषय मानले जातात. प्रत्यक्षात दोहोंवरील पहिला उपाय एकच आहे : परतल्यावर माती उतरवणे आणि त्यानंतर क्रमाने तपासणी करणे.

चेन्नई परिसर : तिन्ही शत्रू एकत्र

वाहनाची झीज करणारे धूळ, पाणी व मीठ हे तिन्ही घटक थोड्या अंतरात एकत्र पाहावयाचे असतील तर चेन्नई परिसराचे उदाहरण उपयुक्त ठरते. शहराच्या दक्षिणेस सेंट थॉमस माउंट व पल्लावरम येथील टेकड्या चार्नोकाइट या खडकाच्या आहेत. कोलकात्यातील जॉब चार्नॉक यांच्या समाधीचा दगड याच जातीचा असल्याने खडकाला हे नाव मिळाले. या खडकात क्वार्ट्‌झ असते. मोह्‌स मापनश्रेणीत क्वार्ट्‌झची कठीणता ७ आहे. साधे पोलाद त्याहून मऊ असते. अशा खडकाच्या खडीवरून व लाल रेताड मातीवरून उडणारी धूळ इंजिनात किंवा बेअरिंगमध्ये गेल्यास कानशीसारखे काम करते.

चेंगलपट्टू, कांचीपुरम व तिरुवल्लूर हे लगतचे जिल्हे ‘एरी’ म्हणजे पारंपरिक सिंचन तलावांचे आणि भातशेतीचे आहेत. चेन्नईच्या वार्षिक सुमारे १४०० मिमी पावसाचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात पडतो. या दिवसांत शेतवाटा, बांध आणि एरीचे सांडवे पाण्याखाली जातात. पूर्वेकडे समुद्र व पुलिकतसारखे खाजण असल्याने किनाऱ्यालगतच्या वाटांवर खाऱ्या चिखलाची भर पडते. लोखंडाला गंज चढण्याची गती मीठ कित्येक पटींनी वाढवते.

महाराष्ट्रातील वाचकांना ही परिस्थिती अनोळखी नाही. कोकणात भाताची खाचरे व खारे वारे आहेत, तर पठारावर मुरूम आणि काळी माती आहे. काळी माती ओली असताना फुगते व चिकटते. सुकल्यावर तीच दगडासारखी कठीण होते. रिमच्या आतील बाजूस असा गोळा सुकून बसला की चाकाचा तोल बिघडतो आणि वेग वाढताच स्टिअरिंग थरथरू लागते. पुष्कळदा हा दोष अलाइनमेंटचा समजून विनाकारण खर्च केला जातो.

झीज कशी होते?

धक्का : खड्ड्यातून किंवा दगडावरून जाताना चाकावरील भार क्षणभर अनेक पटींनी वाढतो. बॉल बेअरिंगवरील भार दुप्पट झाला तर त्याचे अपेक्षित आयुष्य सुमारे एक-अष्टमांशावर येते, हा यंत्रशास्त्रातील प्रस्थापित नियम आहे. त्यामुळे खडतर वाटेचे थोडे किलोमीटर डांबरी रस्त्याच्या पुष्कळ किलोमीटरांएवढी झीज करतात. पाटे, यू-बोल्ट, शॉकअॅब्सॉर्बर, टाय रॉडचे सांधे आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीची हूक पिन यांवर त्याचा प्रथम परिणाम होतो.

धूळ : एअर फिल्टर चोंदला की इंजिनाला हवा कमी पडते, काळा धूर येतो व डिझेल अधिक लागते. त्याहून घातक दोष म्हणजे फिल्टर आणि इंजिन यांमधील रबरी नळीला गेलेली चीर किंवा सैल झालेली क्लिप. अशा फटीतून गाळली न गेलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंग व लायनर घासले जातात. रेडिएटरच्या जाळीत भुसा, चिखल आणि पावसाळी संध्याकाळी दिव्याकडे आकर्षित झालेले पंखी कीटक अडकतात. हवेचा मार्ग बंद झाल्याने इंजिन तापते.

पाणी : ओढा ओलांडताना घडणारी एक क्रिया सहसा लक्षात येत नाही. चालून तापलेला अॅक्सल थंड पाण्यात बुडताच आतील हवा आकसते व तेथे किंचित निर्वात स्थिती निर्माण होते. हवा ये-जा करण्याची ब्रीदर नळी चोंदलेली किंवा पाण्याखाली असेल तर ऑइल सीलच्या कडेने किंवा त्या नळीतूनच पाणी आत ओढले जाते. वाहन बाहेरून सुकते, परंतु डिफरन्शियलमधील ऑइल हळूहळू दुधट होते. पाणी मिसळलेले ऑइल दातांना व बेअरिंगला पुरेसे संरक्षण देत नाही. त्याचा परिणाम काही आठवड्यांनी आवाजाच्या रूपाने जाणवतो आणि तोवर पाण्यातून केलेल्या प्रवासाचा विसर पडलेला असतो.

इंजिनात पाणी शिरल्यास नुकसान तत्काळ होते. १ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत चेन्नईजवळील तांबरम येथे २४ तासांत ४९ सेंमी पावसाची नोंद झाली आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली. डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी शहराने पुन्हा तोच अनुभव घेतला. अशा प्रसंगी पाणी ओसरताच किल्ली फिरवून पाहणे हे सर्वांत महागात पडणारे कृत्य होय. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. डिझेल इंजिनात हे घडण्यास थोडे पाणीही पुरते. बुडालेले वाहन सुरू न करता, बॅटरीची तार काढून, ओढून कार्यशाळेत न्यावे.

मातीबरोबर प्रवास करणारे धोके

तमिळनाडूतील निलगिरीत बटाट्यावरील सोनेरी सूत्रकृमी १९६१ मध्ये आढळला. टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान असलेल्या त्याच्या एका कोषात शेकडो अंडी असतात आणि ती यजमान पिकाशिवाय जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. हा सूत्रकृमी स्वतःच्या हालचालीने फार दूर जात नाही. बेणे, अवजारे, बूट आणि चाके यांना चिकटलेली माती त्याला दूर नेते. डाळिंबातील व भाजीपाल्यातील गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या बाबतीतही मातीची ने-आण हा प्रसाराचा महत्त्वाचा मार्ग आहे.

केळीचा पनामा मर रोग याहून गंभीर आहे. त्यास कारणीभूत असलेल्या फ्युजॅरियम बुरशीचा ‘टीआर-४’ हा प्रकार बिहार व उत्तर प्रदेशातील केळी क्षेत्रात आढळला असून, जळगाव पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर लावला जाणारा ग्रँड नैन हा वाण त्यास बळी पडतो. या बुरशीचे टिकाऊ बीजाणू जमिनीत दशकानुदशके राहू शकतात. एकदा बाधित झालेली जमीन फवारणीने पूर्ववत होत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हा रोग २०१५ मध्ये आढळला. त्यानंतर तेथील बागांनी कुंपण, एकच प्रवेशद्वार आणि वाहने धुण्याचे पक्के कट्टे यांवर भर दिला, कारण बाधित माती बागेत येऊ न देणे हाच खात्रीचा उपाय होता.

तणांची गोष्ट महाराष्ट्राला अधिक जवळची आहे. गाजरगवताची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याचे एक झाड हजारो बिया देते. बी इतके बारीक असते की ओल्या मातीबरोबर टायर, मडगार्ड व अवजारांच्या सांध्यांत सहज चिकटते. त्याच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ पासून सोडण्यात आले, तरीही तण हटलेले नाही. अमरवेलीचे बी हार्वेस्टर व मळणीयंत्रातून एका गावातून दुसऱ्या गावात जाते. सन २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव भागात सोयाबीनवर उपद्रव करणाऱ्या शंखी गोगलगायीही वाहने, क्रेट व मातीबरोबर नव्या क्षेत्रात पोहोचू शकतात.

धुण्याची योग्य रीत

१. धुण्याची जागा बाधित शेताच्या बाहेर पडण्याच्या ठिकाणी, कठीण जमिनीवर निवडावी. धुवण ओढ्यात, पाटात किंवा दुसऱ्या शेतात जाऊ देऊ नये.

२. प्रथम खुरपे व कडक ब्रशने कोरडी माती खरवडून काढावी. टायरच्या खाचा, रिमची आतील बाजू, मडगार्डच्या पोकळ्या, पाट्यांमधील फटी, पायाखालची चटई आणि नांगर-रोटाव्हेटरचे सांधे विसरू नयेत.

३. त्यानंतर वरून खाली या क्रमाने पाण्याने धुवावे. दाबाची धार बेअरिंगचे सील, ब्रीदर, विजेचे जोड आणि रेडिएटरची जाळी यांवर जवळून मारू नये. सीलमधून पाणी आत जाते आणि जाळीची पाती वाकतात. रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाने स्वच्छ करावा.

४. जंतुनाशक वापरावयाचे असल्यास ते माती पूर्ण काढल्यानंतरच वापरावे. चिखलावर ओतलेल्या ब्लीचचा प्रभाव ओसरतो, शिवाय ते धातू गंजवते. म्हणून नंतर स्वच्छ पाण्याने धुणे आवश्यक आहे. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या चिखलातून आलेले वाहन त्याच दिवशी गोड्या पाण्याने, विशेषतः खालच्या बाजूने, धुवावे.

५. धुतल्यावर वाहन थोडे चालवून हलके ब्रेक लावावेत, म्हणजे ड्रम सुकतात. मग सर्व ग्रीस निपलांना जुने ग्रीस व पाणी बाहेर येईपर्यंत नवे ग्रीस द्यावे.

धुतल्यानंतरची तपासणी

माती निघाल्याशिवाय चीर, गळती किंवा सैल नट दिसत नाही. म्हणून तपासणी नेहमी धुतल्यानंतर करावी.

• चाके : नट पान्याने पुन्हा आवळावेत. वाहन सपाट जागी उभे करून इतर चाकांना ओट लावावी, चाक जॅकवर उचलावे, वर-खाली धरून हलवावे व फिरवून पाहावे. खेळ किंवा खरखर जाणवल्यास बेअरिंग उघडून तपासावे. टायरच्या बाजूच्या भिंतीवरील काप व फुगवटा विशेष लक्षपूर्वक पाहावा.

• स्टिअरिंग व पाटे : टाय रॉडच्या सांध्यांवरील रबरी टोप्या फाटल्या असल्यास त्या लगेच बदलाव्यात. टोपीचा खर्च किरकोळ असतो. तिच्यातून वाळू गेल्यास पूर्ण सांधा बदलावा लागतो. पाट्यांची तुटलेली पाने, सैल यू-बोल्ट आणि शॉकअॅब्सॉर्बरवरील तेलाचा ओघळ तपासावा.

• चासी : रंगाला गेलेली बारीक चीर व तीतून उतरलेली गंजाची रेघ ही धातू तडकल्याची खूण असू शकते. अशी खूण वेल्डिंगच्या जोडाजवळ प्रथम शोधावी.

• ऑइल : वाहन काही तास स्थिर उभे राहिल्यावर डिफरन्शियल व गिअरबॉक्सचा खालचा प्लग किंचित सैल करावा. पाणी जड असल्याने आधी तेच बाहेर येते. पाणी किंवा दुधट रंग दिसल्यास ऑइल बदलावे.

• ब्रेक व क्लच : ब्रेक लावताना खरखर येत असल्यास ड्रम उघडून वाळू काढावी. चढावर अर्धा क्लच दाबून वाहन धरले असेल व जळका वास आला असेल, तर त्याची नोंद घ्यावी.

• ट्रॅक्टर : चिखलणीनंतर पुढील अॅक्सलचे व चाकांचे ऑइल सील तपासावेत, कारण सीलवर गुंडाळलेले भाताचे धसकट ते कापते. डिफरन्शियल लॉक केवळ सरळ चालताना वापरावे. ते लावलेले असताना वळल्यास अंतर्गत दाते व शाफ्ट यांवर मोठा ताण येतो.

दौऱ्याची आखणी

बरीचशी झीज आणि प्रसार आखणीतूनच टाळता येतो. वाहन शक्यतो पक्क्या रस्त्यावर उभे करून शेतात पायी जावे. यामुळे वाहनही वाचते व शेतही. बूट मात्र प्रत्येक शेताबाहेर धुवावेत. दिवसाच्या फेरीत निरोगी शेते आधी आणि मर रोग किंवा सूत्रकृमीचा संशय असलेली शेते शेवटी घ्यावीत. भाड्याचे हार्वेस्टर, रोटाव्हेटर व मळणीयंत्र शिवारात घेण्यापूर्वी ते स्वच्छ असल्याची खात्री शेतकऱ्याने स्वतः करावी. तशी मागणी करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

लॉगबुकमध्ये केवळ किलोमीटर किंवा तास न लिहिता वाटेचे स्वरूपही लिहावे : ‘ओढा ओलांडला’, ‘खारा चिखल’, ‘मुरमाची दाट धूळ’. वाहन उत्पादकांच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी ऑइल व फिल्टर बदलण्याची कमी मुदत दिलेली असते. कोणत्या वाहनाला ती लावायची, हे अशा नोंदीवरूनच ठरवता येते. रोगाचा उगम शोधताना वाहन कोणत्या शेतातून कोणत्या शेतात गेले, हे सांगणारा कागदही तोच असतो.

पेरणीच्या ऐन दिवसांत बेअरिंगमुळे उभा राहिलेला ट्रॅक्टर खर्च करून पुन्हा चालू करता येतो. त्याच्या चाकांबरोबर बागेत शिरलेली मर रोगाची बुरशी मात्र कोणत्याही खर्चाने परत काढता येत नाही. शेताच्या बांधावर खुरपे, ब्रश व पाण्याचा कॅन यांसाठी दिलेला अर्धा तास म्हणूनच दौऱ्याच्या कामाचा भाग समजावा.