आधी फोटो, मग झाडू



३ जून २०२० चा दिवस रायगडमधली कोणतीच बाई विसरणार नाही. निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभराच्या वर वेगाचा वारा. पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यात कोरोनामुळे मुंबईची कमाई बंद.

बैठकीत एक मावशी सांगत होत्या, "अगं, दुसऱ्याच दिवशी सगळं झाडून काढलं. उसने पैसे घेऊन पत्रे टाकले. पोरं भिजत होती ना!" पुढे पंचनाम्याला माणसं आली, तर घर शाकारलेलं. नुकसानीचा पुरावाच नाही. त्यात घर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. मदत कुणाच्या खात्यात टाकायची, यातच महिने गेले.

मावशींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोरं भिजत असताना कोण थांबेल? तुम्हीही थांबू नका. फक्त झाडू घेण्याआधी दहा मिनिटं मोबाईल हातात घ्या.

वादळानंतर काय करायचं?

१. लोंबणाऱ्या किंवा पडलेल्या तारेजवळ जाऊ नका. मेन स्विच बंद करा. ओल्या भिंतीतला करंट दिसत नाही.

२. घराचे चारही बाजूंनी फोटो काढा. आतून छप्पर, भिंती, भिजलेलं धान्य, भांडी, शिलाई मशीन, मेलेलं जनावर, पडलेली झाडं, सगळ्याचे काढा. एका फोटोत घर क्रमांक दिसू दे.

३. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना लगेच कळवा. बागेचं नुकसान असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्यांनाही (पूर्वीचे कृषी सहायक). तोंडी सांगून भागवू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

४. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून घ्या. घर 'पूर्णतः' पडलं लिहिलंय की 'अंशतः', ते बघा. मदतीची रक्कम त्यावर ठरते. वाचता येत नसेल तर गटातल्या ताईला बोलवा. विचारायला लाजू नका.

५. दुरुस्तीच्या सामानाची बिलं जपून ठेवा.

आणि वादळाआधी?

ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा काढा. नाव कुणाचं आहे? माणूस वारला असेल तर मृत्यूचा दाखला जोडून वारसनोंदीचा अर्ज द्या. घर पती-पत्नी दोघांच्या नावावरही लावता येतं, तेही विचारा. उतारा, आधार, रेशनकार्ड, पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. घर सोडायची वेळ आली तर आधी ती पिशवी उचलायची.

येत्या बैठकीत हप्ते झाले की एवढंच करा: कुणाचं घर कुणाच्या नावावर आहे, हे प्रत्येकीला विचारा आणि इतिवृत्तात लिहा. जिची वारसनोंद राहिली असेल, तिच्यासोबत दोघीजणी ग्रामपंचायतीत जा. एकटीला "उद्या या" म्हणतात, तिघी गेल्या की खुर्ची देतात!

तुमची,
क्षेत्र समन्वयक